बाबांचे चार दिवस

"ताई, नमस्कार. मी पुण्यात माहिती तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव सोलापूर जिल्ह्यात. बाबांची तीन एकर शेती आणि पिठाची गिरणी आहे. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर 'पीएम किसान नवी यादी' अशी एक फाइल आली. बाबांनी ती उघडली, अ‍ॅप बसलं, त्यात त्यांनी आधार आणि कार्डाचे आकडे भरले. अर्ध्या तासात तीन वेळा मिळून ४७,६०० रुपये गेले. त्यांनी हे कोणालाच सांगितलं नाही. मंगळवारी रात्री 'परीक्षा शुल्काचे पैसे का नाही आले' म्हणून मी फोन केला, तेव्हा आधी गप्प बसले आणि मग रडायला लागले. मी लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० ला फोन लावला. बुधवारी सकाळी ते आणि काका बँकेत गेले. कुठल्याशा खात्यात ११,००० रुपये अडवलेत म्हणे. बाकीच्या पैशांबद्दल 'तुम्हीच माहिती दिलीत' म्हणून बँकेने हात वर केले.

शनिवारी गावी जाऊन मी बाबांचा यूपीआय पिन बदलला आणि तो फक्त माझ्याकडे ठेवला. गिरणीवरचा क्यूआर काढून ठेवला. त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप माझ्या लॅपटॉपला जोडून घेतलं, म्हणजे काही वेडंवाकडं आलं तर मला दिसेल. हे त्यांना माहीत नाही.

त्याच आठवड्यात 'डिजिटल सुरक्षा आणि समाज' या विषयावरचं माझं लिखाण सरांनी वर्गात वाचून दाखवलं. 'सुरक्षेच्या साखळीतला सर्वांत कमकुवत दुवा म्हणजे माणूस' या माझ्या वाक्यावर टाळ्या पडल्या. मला मात्र ते ऐकवेना. मी बाबांसाठी केलं ते बरोबरच केलं ना? आणि ग्रुपसाठी एक इशारा लिहिलाय, सोबत पाठवते. टाकू का?" – एक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

तू ताई म्हणालीस, पण वयाने मी तुझ्या आजीच्या जवळपास असेन. एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात एकतीस वर्षं काढून मी निवृत्त झाले. त्यामुळे तुझ्या पत्रात बँकेने हात वर केले ते कसे, हेही माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. ते हात मी पाहिलेले आहेत. एकदोनदा माझेही होते.

आधी पैशांचं बोलू, बाकीचं दोन दिवस थांबू शकतं.

चार दिवस वाया गेले असं तू धरून चालली आहेस. भिंतीवरचं कॅलेंडर काढ आणि बघ, पैसे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शनिवार महिन्यातला कितवा होता. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं एक परिपत्रक आहे, सहकारी बँकांसाठी तसंच त्याच वर्षी डिसेंबरात निघालं. ग्राहकाच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले आणि त्यात चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत कळवलं तर ग्राहकावर काहीच भार नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर भार मर्यादित, साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजार. आणि हे दिवस कामकाजाचे मोजायचे, संदेश आला तो दिवस सोडून. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. तुझा शनिवार तसा असेल तर सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा. म्हणजे बाबा मुदतीत पोचले! शनिवार पहिला किंवा तिसरा असेल तर बुधवार हा चौथा दिवस होतो. तरी ते सातच्या आतच आहेत.

आता बँक म्हणेल, चूक ग्राहकाचीच, त्यानेच सगळं दिलं. त्याच परिपत्रकात हेही आहे की ग्राहकाने निष्काळजीपणे गोपनीय माहिती कोणाला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. इथेच खरी अडचण आहे आणि मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. कार्डाचे आकडे बाबांनी स्वतः भरले. पण ओटीपी त्यांनी कोणाला सांगितला का? तुझ्या पत्रावरून तरी तसं दिसत नाही. असली अ‍ॅप बसताना संदेश वाचायची परवानगी मागतात आणि मग ओटीपी परस्पर उचलून पुढे पाठवतात. 'ओटीपी दिला' आणि 'ओटीपी चोरला गेला' यांत फरक आहे. तो अर्जात स्पष्ट लिही. बँकेचे संदेश त्या अ‍ॅपने दडवले असतील, तर तेही लिही. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी त्या परिपत्रकाप्रमाणे बँकेवर आहे, हे वाक्य अर्जात जरूर घाल. शाखेतल्या कोणालाही ते वाचायला आवडत नाही, आणि म्हणूनच ते असावं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घे. तोंडी नकार हा नकार नसतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८.

अडवलेले ११,००० आपोआप परत येत नाहीत. १९३० चा तक्रार क्रमांक घेऊन बाबांनी पोलिस ठाण्यात जायचं आणि ती रक्कम सोडवायचा अर्ज कसा करायचा ते विचारायचं. सोबत तू जा. काका नकोत. काकांना का नको म्हणते, ते पुढे येईलच.

आणखी एक राहिलं. तो फोन तू पुसून कोरा केलास का? पत्रात कुठे दिसलं नाही. पिन बदललास, क्यूआर काढलास, आणि संदेश वाचणारं अ‍ॅप आत तसंच बसलेलं असलं तर? फोटो आणि फोननंबर उतरवून घे, बाकी सगळं पुसून टाक, मग नवा पिन टाक. उलट्या क्रमाने केलंस तर चोर घरात असताना कुलूप बदलल्यासारखं होईल. जुनं कार्ड बंद करून नवं मागवलंय, असं धरून चालते. नसेल तर आजच.

आता तुझं ते टाळ्यांचं वाक्य.

ते तुझं नाही. मी नोकरीला लागले तेव्हाही ते जुनं झालेलं होतं, आणि अनेक प्रशिक्षणांत मी ते स्वतः ठणकावून सांगितलेलं आहे. म्हणून त्याचं काय होतं ते मला माहीत आहे. आमच्या बँकेत मी एक नियम काढला होता: दर तीस दिवसांनी पासवर्ड बदला, त्यात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, आणि आधी वापरलेला पासवर्ड पुन्हा चालणार नाही. फार शहाणा नियम वाटला होता मला. महिन्याभरात निम्म्या शाखांत कळफलकाखाली चिठ्ठ्या सापडू लागल्या. एका शाखेतले रोखपाल मात्र चिठ्ठी ठेवत नसत. त्यांचा पासवर्ड चैत्र@२००९. पुढच्या महिन्यात वैशाख@२००९. मग ज्येष्ठ. इंग्रजी अक्षरांत लिहिलेला, पण महिना आपला. सगळ्या शाखेला ठाऊक होतं. २०१० साली अधिक वैशाख आला आणि त्यांची पंचाईत झाली. वैशाख@२०१० दोनदा चालेना. त्यांनी मला फोन करून विचारलं, "मॅडम, अधिक महिन्याची काही सोय?"

मी त्यांना झापलं. लेखी समज दिली.

पुढे कळलं की असले नियम जिथून जगभर पसरले त्याचा उगम अमेरिकेतल्या मानक संस्थेच्या २००३ सालच्या एका दस्तऐवजात होता आणि तो लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये, निवृत्त झाल्यावर, कबूल केलं की त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेने नियम फिरवले: ठरावीक मुदतीने उगाच बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती नको, पासवर्ड लांब असू द्या. म्हणजे चौदा वर्षं माणसं मूर्ख ठरली आणि शेवटी निघाला मूर्ख तो नियम. रोखपालसाहेब निवृत्त झाले ते माझ्या समजपत्रासकट. मी माफी मागितली, पण ती त्यांच्या एकसष्टीच्या जेवणात, हसतखेळत. ती काही खरी माफी नव्हे.

दुसरं उदाहरण पुण्यातलंच, तू रोज जिथे राहतेस तिथलं. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, दोन दिवसांनी काही कोटी परस्पर हाँगकाँगला पाठवले गेले, एकूण ९४ कोटी ४२ लाख. एटीएम 'पैसे देऊ का?' असं विचारतं ते बँकेच्या यंत्रणेला. चोरांनी मध्येच आपली खोटी यंत्रणा बसवली होती, ती सगळ्यांना 'दे' म्हणत राहिली. यात एकाही खातेदाराने कुठे बोट लावलेलं नव्हतं. त्या वेळी खातेदारांचे पैसे सुरक्षित आहेत असं बँकेने लगेच जाहीर केलं, आणि ते योग्यच झालं. बँक फसली तेव्हा आपण म्हणालो 'हल्ला झाला'. तुझे बाबा फसले तेव्हा आपण म्हणतो 'कमकुवत दुवा'. हा शब्दांचा भेद तुझ्या वर्गात कोणी काढला असता तर मीही टाळी दिली असती.

बाबांना 'हत्ता पद्धत' विचार. त्यांना नसेल माहीत तर आजोबांच्या वयाच्या कोणालाही विचार. बाजारात अडत्या आणि व्यापारी उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायचे आणि भाव ठरवायचे. माल शेतकऱ्याचा, शेतकरी समोर उभा, आणि भाव त्यालाच कळायचा नाही. किती पिढ्या नागवल्या गेल्या असतील. पण त्यावर उपाय म्हणून शेतकऱ्याला बोटांची भाषा शिकवायचे वर्ग कोणी काढले नाहीत. बाजार समित्यांच्या कायद्यांनी उपरणंच काढलं आणि उघड लिलाव आणला. (बाजार समित्यांचं पुढे काय झालं हा वेगळा विषय आहे, त्यात आज शिरत नाही.)

तुझ्या बाबांच्या बाबतीत उपरणं कोणतं होतं ते बघ. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत येतात. ई-केवायसी करा, नाहीतर हप्ता थांबेल, हे त्यांनी गेल्या काही वर्षांत किती वेळा ऐकलं असेल? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, सेवा केंद्रात, तलाठ्याकडून. आणि ते खरं होतं! खरा निरोपही घाईचाच असतो, खरा निरोपही आधार मागतो, यादीतून नाव जाण्याची खरी भीतीही असतेच. चोराने काही नवं शोधून काढलं नाही. त्याने सरकारी निरोपाची नक्कल केली, आणि ती सोपी होती. त्यात फाइल आली गावाच्या ग्रुपवर, म्हणजे ओळखीच्या माणसाच्या नावावरून. बहुधा त्या माणसाच्या फोनमध्येही हेच अ‍ॅप शिरलं असेल आणि त्याच्या नावाने ते स्वतःच पुढे गेलं असेल. बाबांनी शेजाऱ्यावर विश्वास ठेवला. ज्या गावात गिरणी चालवायची तिथे शेजाऱ्यावर विश्वास न ठेवून कसं चालेल?

म्हणून त्यांची चूक तेवढीच: 'एपीके' या तीन अक्षरांचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता. प्ले स्टोअरच्या बाहेरून, चॅटमधून आलेलं अ‍ॅप बसवायचं नाही, मग त्यावर यादी लिहिलेली असो, वाहतुकीच्या दंडाची पावती असो की लग्नपत्रिका. लग्नपत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते, ती 'इन्स्टॉल' करावी लागत नाही. ही एवढी गोष्ट. बाकीचा दोष वाटून घ्यायला बरेच लोक आहेत.

आणि ते चार दिवस.

दीड लाख वेळा सांगून झालंय की पहिला तास मोलाचा असतो. १९३० वर तक्रार गेली की ती पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे सरकले त्या बँकांकडे जाते आणि जिथे काही शिल्लक असेल तिथे ते अडवलं जातं. चोर मिनिटामिनिटाला पैसे पुढच्या खात्यात ढकलत असतो. (ही पुढची खाती कोणाची असतात माहीत आहे? बऱ्याचदा तुझ्याच वयाच्या मुलांची, पाच-दहा हजारांसाठी पासबुक आणि सिमकार्ड भाड्याने दिलेल्यांची. तुझ्या वसतिगृहात कोणी 'नुसतं खातं वापरायला दे' म्हणत असेल तर तो तुझ्या बाबांच्या ४७,६०० ची वाट करून देतोय, हे त्याला सांग.) शुक्रवारी संध्याकाळी फोन गेला असता तर अकराऐवजी अधिक अडकले असते का? शक्य आहे. पण बाबा शुक्रवारी का बोलले नाहीत? तुझ्याच पत्रात एक अर्धं वाक्य होतं, छापताना मी गाळलं: काका ओट्यावर बसून सगळ्यांना ही गोष्ट रंगवून सांगतात. बाबांना शुक्रवारीच ठाऊक होतं की असं होणार. त्यांनी चार दिवस चोराला घाबरून काढले नाहीत, ते ओट्याला घाबरून काढले. कमकुवत दुवा शोधायचाच असेल तर तो तिथे बघ.

मला हे कळतं, कारण मी स्वतः काही वर्षं गप्प होते. हे इथे पहिल्यांदाच लिहितेय. २०२२ मध्ये मला संदेश आला, 'मागील बिल अद्ययावत न झाल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडली जाईल', खाली एका 'अधिकाऱ्याचा' नंबर. त्या दिवसांत हे संदेश गावोगाव फिरत होते, पेपरात येत होतं, मी ते वाचलेलं होतं. तरी फोन लावला. पलीकडचा माणूस इतका नम्र होता! त्याने सांगितलेलं अ‍ॅप मी उतरवलं. पडदा त्याला दिसायला लागला. दहा रुपये भरून बघा म्हणाला. मी कार्ड शोधायला उठले आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. फोन ठेवला, ओटा पुसला, आणि पुसतापुसता डोकं जागेवर आलं. एकतीस वर्षं संगणक विभाग, आणि मला वाचवलं अर्धा लिटर दुधाने. मी हे ना मुलाला सांगितलं, ना यजमानांना. का? कारण सगळे म्हणाले असते, 'तूसुद्धा?'

बाबांना ही गोष्ट वाचून दाखव. मग तुझी एखादी सांग. तुझीही असणारच, कुठल्यातरी खोट्या सवलतीची किंवा अर्धवेळ नोकरीची.

तू बरोबर केलंस का, असं विचारलं होतंस. रात्रीच्या रात्री १९३० ला फोन लावलास ते उत्तम. त्यानंतर शनिवारी जे केलंस ते बरोबर नाही, आणि हे मी मऊ करून सांगणार नाही.

आज, हे वाचून झाल्यावर लगेच, बाबांचं व्हॉट्सअ‍ॅप लॅपटॉपवरून काढ आणि त्यांना फोन करून सांग की जोडलं होतं. कारण चांगलं होतं हे मला मान्य आहे. पण न सांगता दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरून त्याचे निरोप वाचणं म्हणजे काय, हे तुझ्या अभ्यासक्रमात असेलच. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. तो खटला सरकारविरुद्ध होता, मुलीविरुद्ध नव्हता, हे खरं. पण बाबा मित्राशी काय बोलतात, कोणाकडून उसने मागतात, आत्याला तुझ्याबद्दल काय लिहितात, हे वाचायचा हक्क तुला त्या ४७,६०० मुळे मिळत नाही. आणि त्यांना हे नंतर कधी दुसरीकडून कळलं, तर पुढच्या वेळी ते तुला चार दिवसांनीसुद्धा सांगणार नाहीत.

पिनही परत दे. म्हणजे त्यांनाच नवा ठरवू दे आणि तू बघू नकोस. यात व्यवहाराचाही भाग आहे: उद्या पुन्हा काही झालं तर बँकेचा पहिला प्रश्न असेल, 'पिन कोणाकोणाला माहीत होता?' मुलीला दिलेला पिन हाही दुसऱ्याला दिलेला पिनच.

क्यूआरचं तर मला हसूच आलं, रागावू नकोस. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोणी क्यूआरवर पैसे टाकले म्हणून खात्यातून काही जाऊ शकत नाही. तू गिरणीचं नुसतं येणं बंद केलंस! आता बायका पाच किलो दळून नेतात आणि 'सुट्टे नाहीत, मांडून ठेवा' म्हणतात, असंच चाललं असणार. तो क्यूआर उद्याच्या उद्या परत लाव, आणि पैसे आल्याचं बोलून दाखवणारा डबाही. तो डबा बोलला तरच पैसे आले, गिऱ्हाइकाच्या फोनवरचा हिरवा पडदा बघून नाही, एवढं बाबांना सांगायचं. पण हे त्यांना तुझ्याआधी कळलेलं असेल, दुकानदार असल्या गोष्टींत हुशार असतात.

मग काळजी घ्यायची कशी? गल्ला आणि तिजोरी. रोजच्या उलाढालीचं खातं वेगळं, त्यात चार-पाच हजारांवर ठेवायचं नाही, क्यूआर आणि यूपीआय त्यालाच जोडलेलं. शेतमालाचे पैसे, तुझ्या शिक्षणाचे पैसे दुसऱ्या खात्यात, ज्याचं कार्ड ऑनलाइन खरेदीसाठी बंद ठेवलेलं आणि ज्याला यूपीआय जोडलेलंच नाही. कोणताही गिरणीवाला सगळी रोकड गल्ल्यात ठेवत नाही, त्यामुळे हे समजावून सांगावं लागणार नाही. आधारचे बोटांचे ठसे 'लॉक' करता येतात, तेही करून ठेव. रेशनला ठसा द्यायचा असेल तेव्हा उघडावं लागेल एवढीच कटकट. 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर बाबांच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते पाहा. हे सगळं त्यांच्या शेजारी बसून, बोट त्यांचं, वेग त्यांचा. एका दुपारी होणार नाही.

आता तुझा इशारा. तू पाठवलेला मजकूर असा आहे: '⚠️ सावधान!! गावात सायबर टोळी सक्रिय!! कोणताही अनोळखी फोन उचलू नका, कोणावरही विश्वास ठेवू नका!! आपल्या माणसांना वाचवायचं असेल तर हा मेसेज लगेच सर्व ग्रुपवर पाठवा!!' हा टाकू नकोस.

घाई, भीती, नाव नाही, तारीख नाही, 'लगेच पुढे पाठवा'. बाबांना आलेल्या निरोपाचाच साचा हा, फक्त हेतू वेगळा. आणि 'टोळी सक्रिय' हे शब्द मी आयुष्यात पुन्हा कोणत्या ग्रुपवर वाचू इच्छित नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. बाजाराच्या दिवशी भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्यांत तुझ्या जिल्ह्यातले, मंगळवेढ्याकडचे लोक होते. निरोप पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटत असणार की आपण आपली पोरं वाचवतोय. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवायची मर्यादा घातली. पत्रासोबत आलेल्या तुझ्या 'डिजिटल सुरक्षा आणि समाज' या लिखाणात राईनपाडा नव्हतं, मी शोधलं.

लिहायचंच असेल तर साधं लिही, आणि बाबा हो म्हणाले तरच. बाबांच्याच नावाने, त्यांच्याच आवाजात असलं तर सर्वांत चांगलं. ते बोलतील, तू रेकॉर्ड कर. काहीसं असं: 'अमुक तारखेला आपल्या ग्रुपवर पीएम किसान यादी म्हणून फाइल आली होती. मी ती उघडली आणि माझे ४७,६०० रुपये गेले. ती यादी नव्हती, अ‍ॅप होतं. कोणी उघडली असेल तर नेट बंद करा, १९३० ला फोन करा, बँकेत कळवा. कसं करायचं ते विचारायचं असेल तर मी गिरणीवर असतो.' ज्या माणसाच्या नावावरून फाइल आली त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याला आधी घरी जाऊन भेटा, त्याचंही काही गेलं असेल.

मला खात्री आहे, दोन-तीन लोक गिरणीवर येतील आणि इकडेतिकडे बघून हळूच सांगतील, 'आमचंही गेलं.' मग ओट्यावर काका काय बोलतात याला फारसा अर्थ उरणार नाही.

सरांना दुसरा मसुदा देता येतो का, बघ. 'दुवा' काढलास तर त्या जागी काय लिहायचं ते तुझं तू ठरव. मी सांगणार नाही, गुण तुला मिळणार आहेत.

आणि परीक्षा शुल्काचं काय झालं ते लिहिलं नाहीस. भरलं का? मुदत गेली असेल तर विलंब शुल्कासह भरता येतं का ते उद्या सकाळी महाविद्यालयाच्या कार्यालयात विचार. हप्ते पाडून मिळतात का तेही विचार, नुसतं नोटीस बोर्ड वाचून परत येऊ नकोस. काय म्हणाले ते कळव.

– तुझी ताई